‘केंट ब्यूटी’ : शोभेच्या ओरेगॅनोचे सविस्तर परीक्षण

‘केंट ब्यूटी’ हा शोभेच्या ओरेगॅनोचा वाण उत्तर कॅलिफोर्नियातील चांगल्या रोपवाटिकांमध्ये साधारणपणे मे महिन्यापासून चार इंची किंवा एक गॅलनच्या कुंडीत विक्रीला येतो. सॅन होजेच्या परिसरातील आमच्या घरी मी तो दगडी कठड्यावरच्या वाफ्यात आणि भाजलेल्या मातीच्या कुंड्यांत गेले अनेक हंगाम वाढवत आले आहे, आणि इथली बागप्रेमी मराठी मंडळी त्याविषयी वारंवार विचारणा करीत असल्यामुळे हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आरंभीच नोंदवते. ज्यांच्याकडे उन्हाळा कोरडा असतो, ज्यांना पाणी हात राखून घालता येते आणि जे पहिल्याच दिवशी कुंडीतील मातीकडे नीट लक्ष देऊ शकतात, त्यांच्यासाठी जून ते ऑक्टोबर या काळात इतके देखणे आणि तरीही इतके अल्पसंतुष्ट असे दुसरे झाड मला ठाऊक नाही. मात्र हे झाड ज्या मातीत आणि ज्या सूचनांसह विकले जाते, त्या दोन्ही गोष्टी त्याच्या प्रकृतीच्या नेमक्या विरुद्ध असतात, आणि ग्राहकाने त्या जशाच्या तशा स्वीकारल्या तर ते बहुधा पहिला हिवाळासुद्धा काढत नाही.

या झाडाची शोभा फुलांची नसून छदांची आहे. छद म्हणजे फुलाच्या तळाशी येणारे पानासारखे अंग. बोगनवेलीचा जो रंग आपण फुलांचा समजतो तो वास्तविक छदांचाच असतो, आणि इथेही तोच प्रकार आहे. जूनच्या सुरुवातीस बारीक, तांबूस आणि चिवट देठांची टोके खाली झुकू लागतात व त्यांवर छदांच्या जोड्या कौलांसारख्या एकीवर एक रचल्या जातात. प्रत्येक जोडी आधीच्या जोडीशी काटकोन करून येत असल्यामुळे तयार होणारा झुबका गोल न दिसता किंचित चौकोनी दिसतो आणि पूर्ण वाढल्यावर दीड ते दोन इंच लांब होतो. कोवळे छद फिकट पोपटी असतात. पुढे त्यांच्या कडांपासून गुलाबी रंग आत सरकू लागतो, पण बारीक शिरांची हिरवी जाळी बरेच दिवस तशीच राहते, आणि सकाळचे तिरपे ऊन मागून आले की ही जाळी स्पष्ट उठून दिसते. छदांच्या फटींतून जांभळट गुलाबी रंगाची, दोन ओठांची चिमुकली फुले एकेक करून बाहेर पडतात आणि त्यांचे पुंकेसर ओठांच्याही पुढे आलेले असतात. फुले गळून जातात. छद मात्र हात लावला तर कागदासारखे सळसळेपर्यंत, म्हणजे थेट शरद ऋतूपर्यंत झाडावर टिकतात. पाने गोलसर, रुपयाच्या नाण्याएवढी, निळसर हिरवी आणि चंदेरी शिरांची असतात, आणि त्यांना देठ जवळजवळ नसतोच, त्यामुळे समोरासमोरची दोन पाने खोडाला कवेत घेतल्यासारखी दिसतात. झाडाची उंची आठ-नऊ इंचांच्या पुढे सहसा जात नाही. पसारा मात्र दीड फुटापर्यंत होतो.

ओरेगॅनो ज्या प्रजातीत मोडतो ती ओरिगॅनम ही तुळस, पुदिना आणि सब्जा यांच्या कुलातील प्रजाती आहे. नेदरलँड्समधील वनस्पतिशास्त्रज्ञ इट्सवार्ट यांनी 1980 साली या प्रजातीची जी पुनर्मांडणी केली तीत त्यांनी 38 जाती मानल्या, आणि त्यांतील बहुसंख्य जाती भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात, ग्रीस, तुर्कस्तान, लेबनॉन व आसपासच्या डोंगरांपुरत्याच मर्यादित आहेत. आपल्याकडे गजऱ्यात गुंफला जाणारा मरवा हाही याच प्रजातीतला, तेव्हा ज्यांच्या घरी कुंडीत मरवा आहे त्यांना या घराण्याची तोंडओळख आधीच आहे असे म्हणायला हरकत नाही. ‘केंट ब्यूटी’ हा दोन डोंगरी जातींचा संकर आहे. त्यांपैकी ओरिगॅनम रोटुंडिफोलियम ही ईशान्य तुर्कस्तान आणि जॉर्जियाच्या खडकाळ उतारांवर वाढते व तिचे छद मोठे आणि पोपटी असतात. ओरिगॅनम स्काब्रम ही दक्षिण ग्रीसच्या पर्वतांत आढळते व गुलाबी छटा तिच्याकडून आलेली आहे. हा वाण इंग्लंडच्या केंट परगण्यातील वॉशफील्ड नर्सरीत तयार झाला. ती नर्सरी तेव्हा चालवणाऱ्या एलिझाबेथ स्ट्रँगमन या हेलेबोर नावाच्या, हिवाळ्यात फुलणाऱ्या झाडाच्या वाणांसाठी विशेष प्रसिद्ध आहेत. मायभूमीचा हा तपशील मी मुद्दाम देत आहे, कारण झाडाची काळजी कशी घ्यावी हे सारे त्यातून आपोआप कळते. त्या डोंगरांत माती थोडी आणि दगड पुष्कळ, पाऊस व बर्फ हिवाळ्यात, उन्हाळ्यात आकाश कोरडे, आणि पडलेले पाणी दगडांच्या फटींतून क्षणात खाली निघून जाणारे. मुळांना ओलावा चालतो. साचलेले पाणी मात्र अजिबात चालत नाही.

आता विक्रीविषयी. आमच्या भागातील एका मोठ्या साखळी दुकानात, ज्याचे नाव मी इथे घेत नाही, ही रोपे स्वयंपाकाच्या वनस्पतींच्या मांडणीवर, पुदिना आणि कोथिंबिरीच्या शेजारी ठेवलेली होती. लेबलवर ‘भरपूर ऊन, नियमित पाणी’ एवढेच छापलेले होते, आणि त्या मांडणीवर दिवसातून अनेकदा आपोआप पाण्याचे फवारे उडत होते. पुदिन्याला हे मानवते, परंतु या झाडाच्या झुबक्यांत पाणी अडकून छद तपकिरी पडतात आणि आतील देठ काळे होत जातात. त्याहून गंभीर बाब कुंडीतील माध्यमाची आहे. बहुतेक उत्पादक ही रोपे जवळजवळ निव्वळ पीटमध्ये, म्हणजे दलदलीतील अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या भुशात, वाढवतात, कारण ते हलके असते, वाहतुकीला सोपे जाते आणि दुकानात पाणी धरून ठेवते. घरी आणल्यावर मात्र पीटचे दोन्ही अवगुण एकदम दिसू लागतात. ते ओले असताना आठवडाभर वाळत नाही, आणि एकदा पूर्ण वाळले की पाणी शोषून घेण्याचेच नाकारते. आपण वरून घातलेले पाणी मुळांचा गोळा कोरडाच ठेवून कुंडीच्या कडेने वाहून जाते आणि बशीत पाणी दिसल्यामुळे आपल्याला झाड तृप्त झाले असे वाटते. दुकानदारांनी या झाडांची मांडणी वेगळी ठेवावी आणि लेबलवर ‘दोन पाण्यांमध्ये माती वाळू द्यावी’ एवढे एक वाक्य जरी छापावे, तरी कितीतरी रोपे वाचतील असे मला मनापासून वाटते.

रोप निवडताना फुलोरा पाहून भुलू नये. फुलोरा तर येणारच आहे. पाहायचे ते झाडाच्या बुंध्याजवळ. पाने हलकेच बाजूला करून मधोमध नवे, आखूड, टवटवीत फुटवे आहेत का ते बघावे, कारण पुढच्या वर्षीचे झाड त्या फुटव्यांतून येते. मध्यभागी काळे, मऊ पडलेले देठ असतील तर किंमत अर्धी केलेली असली तरी ते रोप घेऊ नये. शक्य असल्यास दुकानातील माणसाला विचारून कुंडी उलटी करून मुळे पाहावीत. पांढरी किंवा फिकट पिवळसर मुळे निरोगी असतात, तर तपकिरी आणि चिमटीत धरताच साल सुटणारी मुळे कुजलेली असतात. चार इंची रोपाला मी आठ ते दहा डॉलर देते आणि एक गॅलनच्या रोपाला त्याच्या दुप्पट पडतात. परंतु लहान रोप एका वर्षात मोठ्याची बरोबरी करीत असल्यामुळे जास्तीचे पैसे मोजण्यात काही फायदा नाही. त्यातही स्थानिक उत्पादकाने उघड्यावर, थोड्या हलाखीत वाढवलेले ठेंगणे रोप हे काचघरात खतावर पोसलेल्या गुबगुबीत रोपापेक्षा केव्हाही चांगले, मग ते दुकानात कितीही सामान्य दिसो.

घरी आणल्यावर माती बदलणे हे या झाडाच्या बाबतीतले सर्वांत महत्त्वाचे काम आहे. उष्णतेची लाट नसेल असा आठवडा पाहून रोप कुंडीतून काढावे, मुळांभोवतीचे पीट बोटांनी किंवा बोथट काडीने जमेल तेवढे मोकळे करावे आणि मग ते खरोखर पाणी सोडणाऱ्या मिश्रणात लावावे. मी दोन भाग तयार पॉटिंग मिक्स, दोन भाग पाव इंची प्युमिस (सच्छिद्र, हलका ज्वालामुखी दगड) आणि एक भाग जाड, धुतलेली खडीची चुरी असे प्रमाण ठेवते. प्युमिस मिळत नसेल तर परलाइट (भाजून फुगवलेले पांढरे खनिज) चालते; फक्त ते हलके असल्यामुळे पाण्याबरोबर वर येऊन तरंगते. झाडाला चुनखडी चालते, किंबहुना त्याच्या अनेक भाईबंदांचे मूळ ठिकाण चुनखडीचे डोंगरच आहेत, त्यामुळे आम्लयुक्त माध्यमे, म्हणजे अझेलियासाठी विकली जाणारी मिश्रणे, इथे टाळावीत. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे आणि खापऱ्या यांचा थर देण्याची आपली जुनी पद्धत आहे, ती या झाडासाठी वापरू नये असे मी आग्रहाने सांगते. भोक झाकण्यापुरती एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठीक आहे. जाड थर दिला तर मात्र बारीक मातीतले पाणी, ती माती पूर्ण भिजेपर्यंत, खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरतच नाही. परिणामी कायम ओला राहणारा भाग तळाऐवजी थेट मुळांच्या उंचीवर येतो आणि निचरा सुधारण्यासाठी केलेला उपायच मुळांना बुडवतो. निचरा हवा असेल तर तो सबंध मिश्रणातच आणावा लागतो. लागवड झाल्यावर बुंध्याभोवती अर्धा इंच जाडीचा बारीक खडीचा थर पसरावा. त्यामुळे खालची पाने ओल्या मातीला टेकत नाहीत. लाकडाच्या भुशाचा किंवा पालापाचोळ्याचा थर इथे नको.

जमिनीत लावायचे झाल्यास आमच्या खोऱ्यातील चिकणमाती हा मोठाच अडथळा आहे. खड्डा खणून त्यात चांगली माती भरली तर चिकणमातीत पाण्याची टाकीच तयार होते. त्याऐवजी जमिनीच्या वर नऊ-दहा इंचांचा उंचवटा करून किंवा दगडी कठड्याच्या मागच्या भरावात, अगदी कडेला, रोप लावावे. कडेला लावण्याचे दुसरेही कारण आहे आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. झुबके खाली झुकतात, त्यामुळे सपाट वाफ्यात लावलेले झाड मातीवर लोळते आणि त्याचे सौंदर्य पाहायला माणसाला वाकावे लागते. तेच झाड कमरेच्या किंवा छातीच्या उंचीवर असले की देठ कडेवरून खाली ओघळतात आणि एकेक झुबका निरखता येतो. उंच कठडा, जिन्याची पायरी, उंच पायाची कुंडी किंवा टांगती परडी यांपैकी काहीच उपलब्ध नसेल तर हे झाड घेण्याविषयी फेरविचार करावा.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण मला येणाऱ्या बहुतेक प्रश्नांचे मूळ तिथेच असते. सॅन होजेला वर्षाकाठी सरासरी पंधरा इंचांच्या आसपास पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा ऑक्टोबर ते एप्रिल या काळात पडतो. उन्हाळा कोरडा असतो. या झाडाच्या मायभूमीशी हे वेळापत्रक चांगलेच जुळते. एप्रिल 2015 मध्ये राज्यपालांनी शहरी पाणीवापरात 25 टक्के कपातीचा आदेश काढला, त्या सुमारास आमच्या भागातील कित्येक घरांपुढची हिरवळ काढली गेली, आणि तिच्या जागी जी कोरडवाहू झाडे आली त्यांत शोभेच्या ओरेगॅनोची निवड मला सर्वांत समंजस वाटते. जमिनीत रुजलेल्या झाडाला उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांतून एकदा, पण खोलवर भिजेल असे पाणी पुरते. कुंडीतल्या झाडासाठी मात्र दिवस मोजू नयेत. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावे, आणि तिथे ओल लागली नाही तरच पाणी द्यावे. लहान कुंडी असेल तर ती उचलून तिच्या वजनावरूनही नेमका अंदाज येतो. पाणी द्यायचे तेव्हा ते सकाळी, बुंध्याशी, तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्यावे आणि बशीत साठलेले लगेच ओतून टाकावे. रोज थोडे थोडे शिंपडणे ही या झाडाला सर्वांत घातक ठरणारी सवय आहे. तापमान अडतीस अंशांच्या वर गेले की छोट्या कुंड्यांना एक दिवसाआड पाणी लागते, त्यात वावगे काही नाही. पाने दुपारी किंचित मलूल दिसली आणि संध्याकाळी पुन्हा ताठ झाली तर घाबरून पाणी ओतू नये. खालची पाने पिवळी पडून चिकट होत असतील तर ती मात्र जास्त पाण्याची खूण आहे. ठिबक सिंचन वापरणाऱ्यांनी या झाडाची नळी गुलाबांच्या नळीपासून वेगळी ठेवावी.

ऊन किमान सहा तास हवे. सावलीत झाड मरत नाही, परंतु छद हिरवेच राहतात, देठ लांबट होतात आणि गुलाबी रंगाच्या ओढीने ज्यांनी झाड घेतले त्यांची निराशा होते. याउलट फ्रेस्नो किंवा सॅक्रामेंटोसारख्या अंतर्भागात दुपारचे ऊन इतके प्रखर असते की ऑगस्टमध्येच छद वाळल्या गवताच्या रंगाचे होतात. तिथे दुपारी तीननंतर सावली मिळेल अशी जागा निवडावी. रात्री थंड होऊ लागल्या की गुलाबी रंग गडद होतो, त्यामुळे आमच्याकडे हे झाड सप्टेंबरमध्ये सर्वांत सुंदर दिसते. खताची गरज फारच थोडी असते. वसंतात संथ विरघळणाऱ्या खताची लेबलवर दिलेल्या मात्रेच्या निम्मी मात्रा पुरे होते, आणि नत्र जास्त झाले तर झाड पानांनी फोफावते, मधूनच उसवते आणि झुबके विरळ येतात.

हिवाळ्यात देठ वाळून जातात आणि बुंध्यालगत बारीक पानांचे फुटवे तेवढे उरतात. अशा वेळी झाड मेले असे समजून कित्येकजण कुंडी रिकामी करतात. वाळलेले देठ लगेच कापू नयेत. ते बुंध्याचे थंडी-पावसापासून थोडेफार रक्षण करतात. फेब्रुवारीच्या अखेरीस नवे फुटवे वर सरकू लागले की जुने देठ जमिनीपासून इंचभर ठेवून धारदार कात्रीने कापावेत. माती कोरडी असेल तर शून्याखाली पंधरा अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी हे झाड सहन करते, पण शून्याच्या आसपासची ओलसर थंडी त्याला मारते. म्हणून पावसाळी आठवड्यांत कुंडी वळचणीखाली सरकवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. सिएटल किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी तर हे झाड कुंडीतच ठेवावे आणि हिवाळाभर छताखाली न्यावे. न्यू जर्सीकडील दमट उन्हाळ्यात खालची पाने कुजण्याचा त्रास होतो, तिथे झाडांमध्ये हवा खेळती राहील इतके अंतर ठेवणे आवश्यक आहे.

किडीचा उपद्रव जवळजवळ नाही. कोवळ्या फुटव्यांवर कधी मावा दिसतो, तो पाण्याच्या झोताने जातो. धुळीच्या जागी लाल कोळी येऊ शकतो. हरणे पानांतील तेलाच्या वासामुळे या झाडाला सहसा तोंड लावत नाहीत, आणि टेकड्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना याचे मोल निराळे सांगायला नको.

याच्या जोडीने मी वाढवलेल्या अन्य प्रकारांविषयीही लिहिते, कारण पर्याय ठाऊक असल्याखेरीज निवड करणे अवघड जाते. ‘ॲमेथिस्ट फॉल्स’ हा वाण ‘केंट ब्यूटी’पेक्षा जोमदार आहे, त्याचे छद अधिक जांभळे असतात आणि पानांना वासही जास्त येतो, नवशिक्याला मी तोच सुचवीन, जरी माझ्या नजरेला ‘केंट ब्यूटी’च्या छदांवरील हिरव्या-गुलाबी संक्रमणाची सर त्याला नाही. ‘हेरेनहाउझेन’ हा जर्मनीतील हानोफर शहराच्या प्रसिद्ध उद्यानाच्या नावाचा वाण. त्याला मिळालेला ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा पुरस्कार रास्तच आहे, मात्र त्याची तऱ्हा निराळी आहे. तो दोन फुटांपर्यंत ताठ वाढतो, झुबके लोंबत नाहीत, बारीक जांभळ्या फुलांचे तुरे येतात आणि भर उन्हात त्यांच्यावर मधमाश्यांची इतकी दाटी होते की पाने हलताना दिसतात. ज्यांच्याकडे उंच कठडा नाही त्यांनी निःशंकपणे हाच घ्यावा.

या सर्वांत माझे मन ज्याच्यावर विशेष जडले आहे ते मात्र क्रीटचे दिक्तामो, म्हणजे ओरिगॅनम डिक्टॅम्नस. ही जाती निसर्गतः फक्त ग्रीसच्या क्रीट बेटावर, तेथील घळींच्या उभ्या चुनखडी कड्यांवर उगवते. बाणाने जखमी झालेले क्रीटमधील रानबकरे हीच वनस्पती शोधून खातात व त्यामुळे बाण गळून पडतो, अशी समजूत ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवलेली आहे. क्रीटमध्ये आजही तिचा काढा चहासारखा पितात आणि त्यासाठी तिची लागवड केली जाते. तिच्या गोल पानांवर दोन्ही बाजूंनी पांढऱ्या लोकरीचे दाट आवरण असते. पान दोन बोटांत धरले की आधी मऊ उबदार स्पर्श जाणवतो आणि बोटे काढल्यावर मागे मिऱ्याकडे झुकणारा उग्र सुवास राहतो. झुबके ‘केंट ब्यूटी’पेक्षा लहान परंतु अधिक गडद गुलाबी असतात. ही लोकर पाणी धरून ठेवत असल्यामुळे पाने अजिबात भिजू देता कामा नये, आणि थंडीही तिला बेताचीच सोसते. म्हणून दिक्तामो जमिनीत न लावता लहान, भाजलेल्या मातीच्या कुंडीत, निम्म्याहून अधिक खडी असलेल्या मिश्रणात आणि छपराखाली ठेवावे. ‘केंट ब्यूटी’ दोन हंगाम नीट सांभाळल्यावरच तिच्याकडे वळावे असे माझे मत आहे.

स्वयंपाकात वापर होईल का, हा प्रश्न हमखास येतो. ‘केंट ब्यूटी’ची पाने विषारी नाहीत, पण त्यांना चव इतकी पुसट आहे की तोडणे व्यर्थ आहे, पास्त्यासाठी ग्रीक ओरेगॅनोची वेगळी कुंडी ठेवावी. छदांचे देठ मात्र फुलदाणीत उत्तम टिकतात. वाळवायचे असल्यास झुबके नुकते गुलाबी झालेले असताना लांब देठासह कापून, पाच-सहांची सैल जुडी बांधून, अंधाऱ्या व हवेशीर जागी उलटे टांगावेत. गुलाबी रंग कालांतराने फिकट होतो, आकार मात्र जसाच्या तसा राहतो.

महाराष्ट्रातील नातेवाइकांसाठी हे रोप न्यावे का, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. परदेशातून रोपे नेण्यासाठी आयातीची परवानगी आणि वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, हे एक. पण त्याहून मूलभूत अडचण ऋतूंची आहे. हे झाड ज्या महिन्यांत कोरड्या हवेत फुलण्यासाठी घडलेले आहे, नेमक्या त्याच महिन्यांत, म्हणजे जून ते सप्टेंबर, आपल्याकडे पाऊस असतो. पुण्यात छपराखाली ठेवून पावसाचे पाणी चुकवता येईल, हवेतील दमटपणा चुकवता येणार नाही. कोकणात तर तेवढीही आशा धरू नये. त्यांच्यासाठी आपला मरवा आहेच. दाट न लावता, वाळू मिसळलेल्या मातीत आणि सकाळच्या उन्हात ठेवलेला मरवा पावसाळ्यातही तग धरतो आणि वर्षभर वास देतो. हिमाचल किंवा उत्तराखंडच्या डोंगरांत राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण ओरिगॅनम व्हल्गेर, म्हणजे साधा ओरेगॅनो, हिमालयाच्या उतारांवर निसर्गतःच वाढतो.

गुणच द्यायचे झाले तर झाडाला मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा गुण कमी केला तो त्याला उंच जागा लागते म्हणून. ज्या स्वरूपात ते विकले जाते त्याला दोनपेक्षा अधिक देता येत नाहीत. तीन-चार वर्षांनी झाडाचा मध्यभाग लाकडासारखा कठीण होतो आणि झुबके फक्त कडेच्या देठांवर येऊ लागतात, म्हणून त्याआधीच नवी रोपे तयार ठेवावीत. संकरित वाण असल्यामुळे बियांपासून तेच झाड मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये फुलोरा नसलेले दोन-तीन इंची कोवळे फुटवे कापून, खालची पाने काढून, ओलसर परलाइटमध्ये खोचावेत व उजेडात परंतु उन्हाबाहेर ठेवावेत. वरून प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधू नये, कारण पाने आतल्या आत कुजतात. तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात आणि त्याच वर्षाच्या शरद ऋतूत ही रोपे कायमच्या कुंडीत जाऊ शकतात. ‘केंट ब्यूटी’ जुना वाण असल्यामुळे त्याची अशी रोपे करून वाटण्यास अडसर नाही. नव्याने बाजारात आलेल्या काही वाणांच्या लेबलवर मात्र वनस्पती पेटंटचा उल्लेख असतो, आणि अमेरिकेत अशा वाणांची छाट कलमे पेटंटधारकाच्या परवानगीशिवाय करता येत नाहीत, तेव्हा ते लेबल फेकून देण्यापूर्वी वाचून घ्यावे.